वीरांना भोपळा

वणीच्या आमच्या शाळेत मराठीचे एक सर होते. त्यांचं खरं नाव मी सांगत नाही, आणि सांगितलं तरी गावात कुणाला पटणार नाही. गाव त्यांना भोपळे मास्तर म्हणायचं. शून्य मार्क मिळाले की पोरं ‘भोपळा मिळाला’ म्हणतात, आणि सरांच्या हातून गावातल्या बहुतेक घरांत निदान एक तरी भोपळा पोचलेला होता. एका साध्याभोळ्या पालकानं ते आडनावच आहे असं धरून मुलीच्या लग्नाची पत्रिका ‘श्री. भोपळे गुरुजी’ या नावानं धाडली. सर लग्नाला गेले, पंगतीत व्यवस्थित जेवले आणि परत आल्यावर मला म्हणाले, “पत्रिकेत शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. नावाची धरली नाही.”

विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या साली मी कळंबहून या शाळेत लागलो. शिकवायचो भूगोल, पण आठवीचं मराठीही माझ्या गळ्यात आलं होतं. मी निबंध तपासायचो ते पानं बघून. दोन पानं भरली की पास, तीन भरली की हुशार. अक्षर बरं असलं तर वाचायचोही. पोरं माझ्यावर खूश, पालक खूश, मुख्याध्यापक खूश. एकटे हे सर सोडून. “तुझ्या हाताखालून गेलेलं पोरगं पुढं आमदार होईल बाप्पा,” ते म्हणायचे. “त्याला पानं भरता येतात.”

सर वर्गात पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत आणि वर्गाबाहेर आले की मधूनमधून वऱ्हाडीत. त्यांचं कोणतं बोलणं मनापासूनचं, हे त्यावरूनच आम्ही ओळखायचो.

त्या काळात देश नवा होता, राज्यं नवी होत होती, आणि वरून असा हुकूम होता की पोरांना आदर्श हवेत. त्यामुळे नववी आणि मॅट्रिकच्या वर्गाला दरवर्षी ‘माझा आदर्श वीर’ हा निबंध लिहावाच लागे. पोरं लिहीत. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या गाइडातून उतरवीत. घोड्यावर बसलेले वीर, तुरुंगात गेलेले वीर, फाशी गेलेले वीर, सगळे एका चालीत ‘धन्य ते वीर आणि धन्य ती माता’ म्हणत वहीतून चालत जात. सरांना ते गाइड तोंडपाठ होतं. एखादा पोरगा वर्गात आपला निबंध वाचू लागला की पुढचं वाक्य सर खिडकीबाहेर बघत म्हणत. एका वर्षी त्यांनी सबंध नववीला भोपळा दिला आणि फळ्यावर लिहिलं, ‘गाइडच्या लेखकाला पंचवीसपैकी नऊ. त्याला कळवावे.’

समासात त्यांचा एकच शेरा असे, लाल शाईत: ‘तू तिथे होतास का?’ एका पोरानं त्याखाली इमानदारीनं उत्तर लिहिलं, ‘नाही सर, माझा जन्म व्हायचा होता.’ सरांनी त्याला दोन मार्क दिले. म्हणाले, सगळ्या वहीत हे एकच वाक्य त्याचं स्वतःचं आहे.

शिवाय ते वीरांची खानेसुमारी ठेवत. एका जाड वहीत वर्षावार रकाने पाडलेले: राजे किती, पुढारी किती, संत किती, आई किती, बाप किती. आईचा रकाना कधीमधी भरायचा, तोही ती वारली असेल तरच. बापाच्या रकान्यात वर्षानुवर्षं काही नव्हतं. “एवढ्या गावात एकाही पोराला आपला बाप कामाचा वाटत नाही,” सर म्हणायचे. “अन् आपण म्हणतो निबंधात खोटं लिहितात.”

वह्या ते शाळेत तपासत नसत. तपासत बसस्टँडजवळच्या एका न्हाव्याच्या दुकानात, बाकावर बसून. न्हाव्याचं नाव बाबाराव. तो चौथीपर्यंत शिकलेला होता आणि सरांच्या मते तालुक्यातला सगळ्यात भरवशाचा परीक्षक तोच होता. सर निबंध मोठ्यानं वाचत आणि बाबाराव गिऱ्हाइकाची दाढी करत ऐके. हात चालत राहिला तर निबंध सामान्य. वस्तरा थांबला तर त्यात काहीतरी आहे. माझ्या पाच-सहा वर्षांच्या आठवणीत वस्तरा दोनदा थांबला. त्यातल्या पहिल्या वेळी रस्त्यावर ट्रक उलटला होता.

दुसऱ्यांदा थांबला, तेव्हा खुर्चीत मी होतो. तीच गोष्ट सांगायची आहे.

आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष कापसाच्या एका जिनिंग कारखान्याचे मालक होते. शाळेची इमारत त्यांच्या देणगीची, त्यामुळे भिंतीवर फोटो त्यांचा आणि भाषणंही त्यांचीच. माणूस वाईट नव्हता. देखणा, भरगच्च मिशांचा, पोरांना वर्षातून दोनदा पेढे वाटणारा. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या जिनात आग लागली. कापसाची आग ती, बघता बघता एक सबंध शेड गेलं. दुसऱ्या दिवसापासून गावात एक गोष्ट फिरू लागली, की अध्यक्षसाहेबांनी स्वतः आगीत उडी घेतली आणि मुनीमजींना खांद्यावर टाकून बाहेर आणलं. मुनीमजींचं वजन अडीच मणाच्या खाली नव्हतं. पण खांदा कुणाचा आहे हे पाहून गावानं वजनाची चौकशी केली नाही, आणि पगार कुणाचा आहे हे पाहून मुनीमजींनीही खुलासा केला नाही. सत्कार झाला, हार झाले, शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली.

त्याच वर्षी अध्यक्षांनी उत्तम निबंधाला चांदीचं पदक जाहीर केलं. परीक्षक अर्थात आमचे सर. विषय ठरवायचाही मान त्यांनाच होता. त्यांनी विषय दिला, ‘मी पाहिलेला वीर’. त्यांना वाटलं, ‘पाहिलेला’ म्हटलं की गाइड संपलं. गाइड संपलं खरं, पण निम्म्याहून जास्त पोरांनी अध्यक्षांना आगीत उडी घेताना प्रत्यक्ष पाहिल्याचं लिहिलं. सगळं गाव त्या दिवशी जिनाच्या फाटकात उभं असावं, आणि विझवायला कुणीच गेलं नसावं.

त्यात अध्यक्षांच्या पुतण्याचा निबंध होता. ‘काकासाहेबांनी सिंहाप्रमाणे अग्नीत झेप घेतली,’ सरांनी वाचलं.

बाबाराव माझ्या गालावर साबण फासत म्हणाला, “सिंह आगीत जाते काय मास्तर? सिंह त आग पाहून पयून जाते.”

मग सरांनी एक पातळ वही उघडली. नववीतल्या सोनीची. नववीत मुली होत्या चार, आणि तांड्यावरची ही एकटी. तिचा बाप जिनात कापसाची गाडी हाकायचा. गाडी आणि बैल त्याचे स्वतःचे. बायको वारल्यावर तो पोरीला घेऊन तांडा सोडून जिनामागच्या खोपटात राहायला आला होता, पोरगी शिकावी एवढ्यासाठी.

निबंध दीड पानाचा होता. माझ्या पद्धतीनं नापास. तिनं लिहिलं होतं की आग लागली तेव्हा ती बापाची भाकर घेऊन जिनात गेली होती. बापाचा एक बैल शेडात बांधलेला होता. बाप ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत गेला. बऱ्याच वेळानं बैल बाहेर आला आणि बैलाचं शेपूट धरून मुनीमजी बाहेर आले, कारण धुरात त्यांना वाट दिसत नव्हती. त्यांच्यामागून बाप आला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. ‘मी बाला विचारलं, तू आत काहून गेलतास? बा म्हणाला, बैल आपला होता. मुनीमजीसाठी गेलतास का? बा म्हणाला, मुनीम आत आहे हे मले माहीतच नव्हतं. म्हणून हा निबंध वीराचा होतो की नाही ते मला समजत नाही. सरांनी सांगावे.’

वस्तरा थांबला होता. माझ्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून ओढू लागला तरी बाबाराव तसाच उभा. सरांनी वही मिटली, उघडली, पुन्हा वाचली. समासात लिहायला पेन काढलं आणि काही न लिहिताच ठेवून दिलं.

कुणाला वाटेल की सरांनी लगेच त्या पोरीला पदक जाहीर केलं. तसं झालं नाही. सर आधी तिच्या बापाकडे गेले, मला सोबत घेऊन. तो खोपटापुढं बैलांना सरकीची ढेप चारत बसला होता. उजवा हात सुरकुतलेला, गुलाबी. सरांनी त्याला निबंध वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकला.

“पोरीनं लिवलं ते खरं आहे मास्तर,” तो म्हणाला. “पण खरं त मलेही माहीत आहे. लिवून कायले ठेवाचं? उद्या मले त्याच फाटकातून गाडी न्यायची आहे.”

परतताना मी सुचवलं की पदक त्या पुतण्याला देऊन टाकावं आणि पोरीला चांगले मार्क द्यावेत, म्हणजे सगळ्यांचं भागेल. मुख्याध्यापकांचंही तेच मत होतं, फक्त ते त्यांनी खोकून व्यक्त केलं. सरांनी दोघांकडेही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही वह्या घेऊन थेट अध्यक्षांच्या कचेरीत गेले. मीही गेलो. शौर्यानं नव्हे, कुतूहलानं.

अध्यक्षांनी आधी पुतण्याचा निबंध वाचला आणि मिशीतून हसले. मग सोनीचा वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला. मला वाटलं, आता सरांची नोकरी गेली, आणि बाजूला बसलो म्हणून माझीही.

“मास्तर, त्या दिवशी मी वणीत नव्हतोच,” अध्यक्ष शांतपणे म्हणाले. “यवतमाळले कोर्टात तारीख होती. संध्याकाळी मोटारीतून उतरलो त लोक हार घेऊन उभे. मी दोन-तीनदा नाही म्हटलं. कोणी ऐकेचना. मग म्हटलं, जाऊ द्या.” वहीवरून हात फिरवत ते म्हणाले, “मग हळूहळू मलेही आठवाले लागलं.”

आयुष्यात मी एवढं प्रामाणिक वाक्य फार थोड्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. अध्यक्षांनी वही परत दिली आणि पदक त्या पोरीलाच द्या म्हणून सांगितलं. पोरीच्या बापाच्या केसालाही धक्का लागणार नाही, हेही सांगितलं.

बक्षीस समारंभ झाला. अध्यक्षांनी भर सभेत स्वतः कबुली दिली, की तो वीर मी नव्हे, हा आहे. सोनीच्या बापाला व्यासपीठावर बोलावून फेटा बांधला. बायका डोळे पुसू लागल्या, आणि टाळ्या अशा झाल्या की आगीच्या वेळच्या सत्कारालाही झाल्या नव्हत्या. त्या टाळ्या कुणासाठी होत्या हे सांगायला नको. सोनीचा बाप फेट्याखाली अवघडून उभा होता. यवतमाळच्या एका साप्ताहिकात ‘सत्यप्रिय अध्यक्ष’ असा मथळा आला. पोरीचं नाव छापायचं राहून गेलं.

मी सरांना म्हटलं, “शेवटी खरं जिंकलं सर.”

“खरं जिंकलं,” सर म्हणाले. “हार मात्र त्यांच्याच गळ्यात गेला. आगीत न जाताही, अन् ‘गेलो नाही’ असं सांगितल्यावरही. असा माणूस गाइडातसुद्धा नाही बाप्पा.”

पुढच्या वर्षीच्या निबंधांत तर कहर झाला. मॅट्रिकच्या वर्गातल्या बहुतेकांचा वीर म्हणजे चूक कबूल करणारे अध्यक्षसाहेब. आणि या वेळी सगळी पोरं तिथं खरोखर हजर होती. सरांनी एकेक वही उघडली, लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. सगळ्यांना पास केलं. त्या वर्षी शाळेत कुणालाही भोपळा मिळाला नाही, आणि मुख्याध्यापकांनी आनंदानं चहा पाजला.

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण अध्यक्षांनी वीराची कदर करायची ठरवली होती. त्यांनी सोनीच्या बापाला गाडीवरून काढून फाटकावर चौकीदार केलं. खाकी कपडे दिले, स्टूल दिलं. बाहेरगावचा व्यापारी आला, अधिकारी आला, की अध्यक्ष त्याला फाटकाशी आणत आणि म्हणत, हाच तो. मग तो उठून उभा राही आणि बाही वर करून भाजलेला हात दाखवी. पाहुणे मान हलवून आत चहाला जात. बैल खोपटापाशी बांधलेले. काम नसल्यामुळे अंगानं सुटले होते.

दिवाळी झाली. मारेगावकडून कापसाच्या गाड्या येऊ लागल्या. दिवसभर तो फाटक उघडायचा आणि दुसऱ्यांच्या गाड्या आत सोडायचा. एका रविवारी तो सरांच्या खोलीवर आला. मी तिथंच होतो. तो खाली बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मास्तर, तुमीच लावलं हे, तुमीच सोडवा,” तो म्हणाला. “साहेबाले मी नाही म्हटलं त त्याचा अपमान होते. त्यानं चांगल्या मनानं दिलं. पण मले गाडीवर जाऊ द्या. रोज हात दाखवून दाखवून, हा हात माह्या आंगाचा आहे असंच वाटत नाही आता.”

सर त्याच दिवशी अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि त्यांना वाईटही वाटलं. खरंच वाटलं. ते म्हणाले, उद्यापासून तो गाडीवर जाईल. मग जरा संकोचून त्यांनी आपली एक गोष्ट काढली. पौषात त्यांची साठी होती, गाव सत्कार करणार होतं, आणि मानपत्र आमच्या सरांच्या हातचं असावं अशी त्यांची इच्छा होती. याआधी दोन समारंभांना त्यांनी विचारलं होतं आणि सरांनी दोन्ही वेळा तब्येतीचं कारण सांगितलं होतं.

“खोटं नका लिवू,” अध्यक्ष म्हणाले. “फक्त चांगलं लिवा.”

अट त्यांनी घातली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. पण अट न घालता मागणाऱ्याला नाही म्हणणं किती अवघड असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. सर म्हणाले, “लिहितो.”

त्यांनी लिहिलं. आठवडाभर बाबारावच्या बाकावर बसून लिहिलं. दानशूर, सत्यव्रती, कर्मयोगी, दीनांचा कैवारी, काही म्हणून सोडलं नाही. साठीच्या दिवशी ते वाचलं मीच, कारण माझा आवाज मोठा. सर पहिल्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. गाव म्हणालं, भोपळे मास्तर शेवटी लाइनीवर आला. स्टाफरूममध्येही हसणं झालं. ज्या सरांच्या पेनाला सगळे भीत, ते पेन अध्यक्षांच्या खिशात गेलं, असं म्हणायला सगळ्यांना फार बरं वाटत होतं. मलाही थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोनी त्या समारंभाला स्वागतगीत म्हणायला उभी होती. मानपत्र वाचून होताना तिनं सरांकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिला एवढंच ठाऊक होतं, की बाप गाडीवर परत गेला तो साहेबांच्या मर्जीनं. तिच्या बापालाही सरांनी तसंच सांगितलं होतं. मी म्हटलं, पोरीला खरं काय ते सांगतो.

सर म्हणाले, “तिले सांगशील त माह्याशी बोलू नको. बापामुळे आपल्या सराले असं लिहावं लागलं, हे घेऊन ती पोरगी मॅट्रिकले बसेल काय?”

मी सांगितलं नाही. सोनी मॅट्रिक झाली, यवतमाळला जाऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं आणि मारेगावला शाळेत लागली. सर त्या सत्कारानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाले, अमरावतीला मुलीकडे गेले आणि तिथंच वारले. पत्र आलं तेव्हा गावात फारसं कुणी हळहळलं नाही. बाबारावनं त्या दिवशी दुकान उघडलं नाही, एवढंच.

त्यानंतर काही दिवसांनी मी परीक्षेच्या कामाला मारेगावला गेलो होतो. मधल्या सुट्टीत सोनी भेटली. सर गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मी ते सांगितलं, आणि मग मानपत्राचंही सगळं सांगून टाकलं, कारण आता माझ्याशी न बोलण्याची धमकी द्यायला कुणी उरलं नव्हतं.

ती वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून उभी राहिली.

“मॅट्रिक होईपर्यंत मी सरांना नमस्कार केला नाही,” ती म्हणाली. “रोज समोरून जायची. त्यांनी एकदाही विचारलं नाही, काहून.”

घंटा झाली. तिनं वह्या उचलल्या आणि ती वर्गावर गेली.